उभ्या गाडीचा हिशोब

वाठारहून वारणानगर ओलांडून कोडोलीत शिरताना पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला ट्रक उभे दिसतात. ताडपत्री घडी घालून केबिनवर बांधलेली, पुढच्या चाकाला दगड लावलेला, बंपरखाली गवत वाढलेलं. गळीत हंगाम संपलेला असतो आणि पुढचा सुरू व्हायला दिवाळी यावी लागते. जुलैत अशाच एका गाडीजवळच्या चहाच्या टपरीत ओळखीचा एक ड्रायव्हर भेटला. बारा वर्षं दुसऱ्याची दहा चाकी चालवतोय. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढून माझ्यासमोर ठेवले. एक फायनान्स कंपनीचं कोटेशन, दुसरा लीजचा, म्हणजे भाडेपट्ट्याचा. "दादा, हे बघा की जरा. हप्त्यानं घेऊ का ह्या लीजनं? लीजवाला म्हणतोय, डाऊन पेमेंटच नको."

त्या दिवशी टपरीत बसून केलेली आकडेमोड आणि नंतर घरी येऊन पाहिलेले कायदे हे सगळं इथं लिहितो आहे. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. पन्हाळा, हातकणंगले, शिराळा या पट्ट्यात ऊस, साखर, दूध, शिरोलीच्या फाउंड्रीतलं कास्टिंग यांच्यावर पोट असलेली ड्रायव्हर मंडळी पुष्कळ आहेत. त्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी आपली गाडी असावी असं वाटतं.

आधी कागदातला फरक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ मध्ये तीन प्रकारचे करार सांगितले आहेत: भाडे-खरेदी, भाडेपट्टा आणि हायपोथिकेशन, म्हणजे ताबा आपल्याकडे ठेवून दिलेलं तारण. ज्या कराराची गाडी, त्याची नोंद आरटीओत आर.सी. वर होते. आपल्याकडे सगळ्यालाच 'एच.पी. (हायर पर्चेस) चढवली' म्हणायची सवय आहे, पण तिन्हींत मालकी वेगवेगळ्या जागी असते. हायपोथिकेशनमध्ये गाडी पहिल्या दिवसापासून तुमची, तिच्यावर कंपनीचा बोजा. भाडे-खरेदीत शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालक कंपनी, तुम्ही भाडेकरू आणि शेवटी विकत घेण्याचा हक्क तुमचा. भाडेपट्ट्यात शेवटही तुमचा नाही. मुदत संपली की गाडी परत.

यातली भाडे-खरेदीची पद्धत ट्रकच्या धंद्याची आई म्हणावी लागेल. मद्रासला १९५४ साली सुंदरम फायनान्स उभी राहिली. बँका एका गाडीच्या ड्रायव्हरला दारात उभं करत नसताना अशा कंपन्या त्याला गाडी देत होत्या. पुढं १९७९ मध्ये श्रीराम ट्रान्स्पोर्ट फायनान्स आली आणि तिनं जुन्या, वापरलेल्या ट्रकवर कर्ज द्यायला सुरुवात केली. भाडे-खरेदीसाठी संसदेनं १९७२ मध्ये वेगळा कायदाही केला, पण तो कधी अमलात आला नाही आणि २००५ मध्ये रद्दच झाला. हप्त्यावर गाडी घेणाऱ्यांच्या दोन पिढ्या त्या कायद्याच्या संरक्षणाशिवाय, केवळ करारातल्या बारीक अक्षरांवर चालल्या. लीजचा धंदाही देशात नवा नाही. १९७३ मध्ये मद्रासलाच पहिली लीजिंग कंपनी सुरू झाली होती. पण ती वाट आजवर मुख्यतः मोठ्या ताफ्यांची राहिली. एका गाडीच्या माणसापर्यंत लीजचा कागद पोचतोय, तो आता.

एक गोष्ट मात्र तिन्ही करारांत सारखी आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. मोटार वाहन कायद्याच्याच कलम २(३०) मध्ये 'मालक' कोण ते सांगितलंय. करारावरची गाडी ज्याच्या ताब्यात, तोच कायद्याच्या लेखी मालक. म्हणजे लीजची गाडी घेऊन अपघात झाला आणि विम्यात खोट निघाली, तर 'गाडी कंपनीची आहे' म्हणून हात झटकता येत नाहीत. जबाबदारी मालकाची येते, मालमत्ता मात्र येत नाही.

आता आकडे. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नयेत. समजा बॉडी बांधून, पासिंग करून दहा चाकी ३६ लाखांना पडली. सहा लाख स्वतःचे, ३० लाखांचं कर्ज, घटत्या शिलकीवर साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो ६४,४८२ रुपये. साठ हप्त्यांत मिळून ३८ लाख ६९ हजार जातात, म्हणजे व्याज ८ लाख ६९ हजार.

लीजचं भाडं कसं ठरतं? कंपनी आधी अंदाज करते की मुदत संपल्यावर ही गाडी कितीला विकली जाईल. समजा ३६ लाखांची गाडी चार वर्षांनी १२ लाखांची राहील. मधली २४ लाखांची घट ४८ महिन्यांत वाटली की महिन्याला ५० हजार. कंपनीचे पैसे गाडीत अडकून आहेत. सुरुवातीला ३६ लाख, शेवटी १२ लाख, सरासरी २४ लाख. त्यावर साडेदहा टक्क्यांनी महिन्याला २१ हजार. झाले ७१ हजार. तीच सगळी ३६ लाखांची रक्कम चार वर्षांच्या कर्जानं घेतली असती तर हप्ता ९२,१७३ बसला असता. म्हणजे लीज महिन्याला एकवीस हजारांनी हलकी दिसते. चार वर्षांत वाचले सुमारे १० लाख १६ हजार. पण कर्जवाल्याच्या दारात चार वर्षांनी १२ लाखांची गाडी उभी आहे आणि लीजवाल्याचं दार मोकळं आहे.

हा फरक दिसायला लहान आहे, आणि इथवर लीजमध्ये फसवणूक काही नाही. एक पैसा आज वाचवतो, दुसरा उद्या कमावतो, इतकंच. पण या ७१ हजारांवर कंपनीचा नफा चढतो, जोखमीची किंमत चढते, आणि वर जीएसटी. कंपनीला गाडी घेताना भरलेला जीएसटी वळता करून घेता येतो. एका गाडीचा मालक, जो स्वतः बिल्टी (मालपावती) फाडत नाही, केवळ गाडी भाड्यानं फिरवतो, त्याच्या मालवाहतुकीला जीएसटी माफ आहे. माफी आहे म्हणूनच त्याला लीजच्या भाड्यावर भरलेला कर परत मिळवायला जागा नाही. तो कर त्याच्या खिशातून जातो तो जातोच.

आयकरातही असंच आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४४एई हे दहापर्यंत गाड्या असणाऱ्यांसाठी केलेलं कलम. वह्या-खतावण्या न ठेवता ठरावीक उत्पन्न दाखवायचं: बारा टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या दर टनामागे महिन्याला १,००० रुपये, त्याखालच्या गाडीला महिन्याला ७,५००. त्या कलमात स्पष्ट लिहिलंय की भाडे-खरेदीनं किंवा हप्त्यानं घेतलेली आणि पैसे बाकी असलेली गाडीही मालकीचीच धरायची. भाडेपट्ट्याचा उल्लेख तिथं नाही. हिशोबाची वही ठेवायची सवय नसलेल्या माणसाला ही सवलत फार मोठी आहे. ती हप्त्यानं घेणाऱ्यासाठी लिहिलेली आहे.

एवढं ऐकून तो म्हणाला, "मग हप्त्यानंच घेतो." मी त्याला थांबवलं, कारण खरा प्रश्न अजून आलाच नव्हता.

हप्ता ६४,४८२ म्हणजे दिवसाला २,१५० रुपये. गाडी फिरो वा उभी राहो. महिन्यात वीस दिवस गाडी पळाली तर पळणाऱ्या प्रत्येक दिवसानं नुसत्या हप्त्यासाठी सव्वातीन हजार आणले पाहिजेत. पंधराच दिवस पळाली तर ४,३०० रुपये. यात डिझेल नाही, टोल नाही, वाराई (माल चढवा-उतरवायची हमाली) नाही, दहा टायर नाहीत. २०२२ च्या दरांत २० ते ४० टनांच्या मालगाडीचा थर्ड पार्टी विमाच ४३,९५० रुपये होता, तोही यात नाही. आणि ड्रायव्हर-मालक हमखास विसरतो ती गोष्ट, त्याचा स्वतःचा पगार, तोही नाही. दुसऱ्याची गाडी चालवून महिन्याला जे हातात येतं, ते आधी वजा करायचं आणि मग उरेल त्याला नफा म्हणायचं. मी पाहिलेल्या बऱ्याच हिशोबांत 'गाडीनं मिळवले' म्हणून लिहिलेला आकडा हा त्या माणसाच्या मजुरीचाच असतो.

गाडी उभी का राहते? आमच्या भागात पहिलं कारण ऊस. तात्यासाहेब कोऱ्यांनी १९५० च्या दशकात वारणेचा कारखाना उभा केल्यापासून कोडोलीचं घड्याळ गळीत हंगामाचं आहे. हंगाम चार-पाच महिन्यांचा, हप्ता बारा महिन्यांचा. उरलेल्या महिन्यांत लांबचं भाडं मिळवायचं तर जाताना साखर किंवा गूळ मिळतो, येताना परतीच्या मालासाठी गोदामाबाहेर दोन-दोन दिवस झोपावं लागतं. रिकामी आणली तर डिझेल अंगावर.

दुसरं कारण पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. ट्रकच्या रांगा किलोमीटरच्या किलोमीटर लागल्या होत्या. त्या रांगेतल्या प्रत्येक गाडीचा हप्ता चालू होता. २०२० च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली. ढकललेल्या महिन्यांचं व्याज मात्र चालूच होतं. हप्ता पुढं गेला आणि कर्ज लांबलं.

उसाच्या वाहतुकीत आणखी एक ओझं आहे, ते बाहेरच्याला दिसत नाही. गाडीवाला कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो आणि ती मुकादमाला देतो, तेव्हा बीडकडून ऊसतोड मजुरांची टोळी येते. टोळी आली नाही, किंवा अर्ध्या हंगामात निघून गेली, तर उचलीची बाकी गाडीवाल्याच्या नावावर राहते. मुकादमांकडून फसवणूक झाल्याच्या वाहतूकदारांच्या तक्रारी कोल्हापूर-सांगलीत पोलिसांपर्यंत गेल्या आहेत. टोळीतल्या मजुरांची बाजू वेगळी आहे आणि ती जास्त दुःखाची आहे. तिच्यावर वेगळं लिहायला हवं. इथं सांगायचं ते इतकंच की नव्या गाडीच्या हप्त्यावर उचलीचं कर्ज चढलं की माणूस दोन्हीकडून बांधला जातो.

काम देणारा आणि गाडी देणारा एकच असला तर काय होतं, याचा मोठा धडा अमेरिकेत मिळालाय. तिथं वाहतूक कंपन्या ड्रायव्हरला गाडी लीजवर देतात, शेवटी तुझीच होईल म्हणतात, भाडं दर आठवड्याच्या कमाईतून कापून घेतात आणि माल कुणाला किती द्यायचा हेही त्याच ठरवतात. लॉस एंजेलिसच्या बंदरावरच्या ड्रायव्हरांची अशी अवस्था २०१७ मध्ये 'यूएसए टुडे' या वृत्तपत्रानं उघड केली. आठवडाभर राबून कापाकापीनंतर हातात जवळजवळ काही न उरलेली माणसं त्यात होती. पुढं सरकारनं नेमलेल्या कृतिदलानं जानेवारी २०२५ मध्ये अशा लीज-खरेदी योजनांवर बंदी घालावी अशीच शिफारस केली. म्हणून लीजचा कागद पुढं आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: माल कमी पडला तर दुसरीकडचा माल भरायची मुभा आहे का? दुसरा, महिन्याला किती किलोमीटरची मर्यादा आहे आणि ती ओलांडली तर दर काय. तिसरा, मुदतीआधी गाडी परत केली तर किती भरायचं. चौथा, परत देताना टायर आणि बॉडी कशा अवस्थेत लागतात, आणि ते ठरवणार कोण. त्याच्याजवळच्या कागदात मर्यादेचा आकडा होता, ओलांडल्यावरचा दर नव्हता.

तिसरी एक वाट आपल्याकडे सर्रास चालते आणि ती मला सगळ्यांत घातक वाटते. ती म्हणजे चालू हप्त्याची गाडी नोटरीवर घेणं. मूळ मालकाला हप्ते झेपत नाहीत, तो चार लाख घेतो, पुढचे हप्ते तू भर म्हणतो, शंभराच्या स्टॅम्पवर सह्या होतात आणि गाडी दुसऱ्याच्या दारात जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५१ सांगतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय आर.सी. वर नाव बदलत नाही. म्हणजे सगळे हप्ते भरूनही गाडी पहिल्याच्याच नावावर. त्यानं दुसरं कुठलं कर्ज बुडवलं तर घेणाऱ्याच्या दारातली गाडी अडकू शकते. आणि विकणाराही सुटत नाही. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गाडी विकली तरी नोंदवहीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार. घेणाऱ्याकडं मालकी नाही, विकणाऱ्याला झोप नाही, अशी ती नोटरी असते. कंपनीत जाऊन कर्ज रीतसर आपल्या नावावर करून घ्यायला वेळ आणि पैसा लागतो, पण तो द्यावा.

चौथी वाट जुन्या गाडीची. नॅशनल परमिट साध्या दोन आसांच्या गाडीला बारा वर्षांपर्यंत आणि जास्त आसांच्या गाडीला पंधरा वर्षांपर्यंतच मिळतं. वय उलटलं की गाडी लांबच्या रस्त्यावरून उतरते आणि ऊस, वाळू, विटा असल्या जवळच्या कामाला येते. उसाच्या फडात म्हाताऱ्या गाड्या जास्त का दिसतात, त्याचं एक उत्तर यात आहे. अशी गाडी स्वस्तात मिळते, आणि एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांच्या आधीची असेल तर युरियाची टाकी आणि सेन्सरांची कटकट बरीच कमी असते. गावातला मेकॅनिक ती उघडू शकतो. पण आठ वर्षांनंतर फिटनेसचं पासिंग दरवर्षी लागतं, आणि इंजिनकाम कधी निघेल याचा नेम नाही. हप्ता लहान असतो, तेवढ्या बाजूनं मात्र उभ्या दिवसाचा मार हलका बसतो.

जुन्या गाडीच्या कर्जात एक सापळा आहे. दर 'फ्लॅट' सांगतात. दहा लाख, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट: व्याज तीन लाख, एकूण तेरा लाख भागिले छत्तीस, हप्ता ३६,१११. ऐकायला दहा टक्के. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दहा लाखांवर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर मांडलं तर हाच दर जवळपास अठरा टक्के निघतो. हे सांगितलं तेव्हा त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि कागद स्वतःकडं ओढून घेतला. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेनं 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचं केलं आहे. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. मराठीत मागा. मागितलं नाही तर इंग्रजीत सही होते.

हप्ते थकले तर? वसुलीला गुंड पाठवून गाडी ओढून न्यायला २००७ च्या प्रकाश कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठाम विरोध केला. बिगरबँक कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत की गाडी ताब्यात घेण्याआधीची नोटीस किती दिवसांची आणि विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी, हे करारातच लिहिलेलं हवं. करार सही करताना तेवढं कलम तरी शोधून वाचावं. एका पानाचं काम असतं.

मग लीज कुणी घ्यावी? माझ्या मते अशा माणसानं, ज्याच्या हातात ठरलेल्या मुदतीचा मालाचा लेखी करार आहे, बारमाही कारखान्याचा, हंगामाचा नाही, आणि लीजची मुदत त्या कराराच्या मुदतीएवढीच आहे. किंवा जिथं गाडीची चार वर्षांनंतरची किंमत कुणालाच सांगता येत नाही, तिथं. इलेक्ट्रिक ट्रकचं आज तसंच आहे. बॅटरी किती टिकेल, जुनी गाडी कोण घेईल, ही जोखीम एका ड्रायव्हरनं घेण्यापेक्षा कंपनीनं घेतलेली बरी, आणि त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. डिझेलच्या दहा चाकीला मात्र कोल्हापुरात जुना बाजार आहे, मेकॅनिक आहेत, गिऱ्हाईक आहे. तिची शेवटची किंमत सोडून देणं म्हणजे पाच वर्षं राबून जमवलेली एकच गोष्ट सोडून देणं. हप्ते फिटले की कंपनीकडून ना-हरकत आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत एच.पी. उतरवायची, तो दिवस ड्रायव्हरच्या घरात सणासारखा असतो. मी अशा दिवशीचे पेढे खाल्ले आहेत. लीजमध्ये तो दिवस नाही.

पण त्या दिवसापर्यंत पोचायचं कसं, हे गाडी कितीला मिळते यावर कमी आणि ती किती दिवस उभी राहते यावर जास्त अवलंबून आहे. त्याला मी विचारलं, "तुझ्या मालकाची गाडी गेल्या वर्षी किती दिवस उभी होती?" बारा वर्षं ती गाडी तोच चालवतोय, त्याला प्रत्येक टायरचा इतिहास पाठ आहे, पण याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. त्यानं खिशातली डिझेलची डायरी काढली आणि शेवटच्या पानावर बारा महिने एकाखाली एक लिहिले. भरल्याच्या तारखा पाहत पाहत तो एकेका महिन्याचे उभे दिवस मांडू लागला. नोव्हेंबर ४. डिसेंबर २. जानेवारी ३. मेसमोर त्यानं ११ लिहिले, जूनसमोर १७. जुलैसमोर पेन्सिल थांबली. बाहेर गाडी उभीच होती.

"ह्यो महिना अजून संपायचाय," तो म्हणाला, आणि दोन्ही कागद परत पिशवीत घातले.